नानांनी वळवलेली शीव

नाना,

काल तुमच्या जावयाला तीन माणसांनी मिळून उलटं धरलं. भर दुपारी, आल्मेरेत, बसच्या रस्त्याशेजारच्या गवतावर. डोकं खाली, पाय वर. खिशातून किल्ल्या पडल्या, ट्रेनचं कार्ड पडलं, ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी पडली. चष्मा तर त्याआधीच गवतात गेला होता. एक बस गेली. थांबली नाही, पण ड्रायव्हरने मान पूर्ण वळवून बघितलं. सतरा वर्षं मी या गावात कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने राहिलो. ती सगळी पुण्याई दहा सेकंदांत संपली.

तेच तुम्हाला सांगायला बसलोय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर आधी अर्धा तास पार्श्वभूमी द्यावी लागेल.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. मेधा अजून सकाळी बिनसाखरेचा एक कप चहा जास्त करते. तो मग मी पितो. मला बिनसाखरेचा आवडत नाही. तिला ते माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी, मेधाची आई गेल्यावर, तुम्ही इंग्लंडमधलं घर आवरून आमच्याकडे हॉलंडला आलात तेव्हा तुमच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि नकाशांची एक लांब नळी होती. बॅगा मी उचलल्या. नळीला तुम्ही हात लावू दिला नाहीत. स्टेशनबाहेर उभं राहून तुम्ही चारी बाजूंना बघितलंत आणि म्हणालात, "सुहासराव, हे गाव तुमच्याहून धाकटं आहे."

मला वाटलं, कौतुक आहे. घरी पोचेपर्यंत कळलं की तक्रार आहे.

तुमचंही खरं होतं. पुण्यात तुम्ही भूमापनात ट्रेसर होतात. मेधा नऊ वर्षांची असताना तिकडे गेलात, काउंटीच्या ऑफिसात पुन्हा नकाशेच काढलेत, आणि स्कार्नबी नावाच्या त्या दलदलीतून वर काढलेल्या गावात सदतीस वर्षं राहिलात. एक चर्च, त्याच्याभोवती गाव, गावाभोवती शेतं आणि शेतांभोवती शीव, त्या सगळ्याला तिथे मिळून पॅरिश म्हणतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी विचारलं नव्हतं तरी. त्या पॅरिशच्या प्रत्येक वावराचं नाव तुम्हाला पाठ होतं, आणि ती नावं तुम्ही नाश्त्याच्या वेळी मराठीत करून म्हणायचात: उपाशी तुकडा. विधवेची पट्टी. पोचेपर्यंत-दमाल. ईराला वाटायचं, आजोबा गोष्ट सांगतायत. मला वाटायचं, पोहे गार होतायत.

"आणि ऐका," तुम्ही म्हणायचात, "बाजाराला राजहंसांचे कळप चालवत न्यायचे. किती लांब! पाय झिजू नयेत म्हणून आधी डांबरातून चालवायचे, मग वाळूतून. झाले बूट तयार."

"सरस्वतीच्या वाहनाला डांबर?" मी.

"ते सरस्वतीचे नव्हेत, सुहासराव. ते खायचे हंस."

आपली भांडणं आठवतात? कोकणातल्या आडनावाची दोन माणसं आल्मेरेच्या ओट्यापाशी उभी राहून भांडतायत, एक म्हणतो "तुमचे डच", दुसरा म्हणतो "तुमचे इंग्रज". तुमचं म्हणणं, स्कार्नबीची दलदल उपसायला डच माणसं आणली, त्यांनी कालवे खणले, जमीन कोरडी केली आणि ती कोरडी झाल्यावर खाली बसली. "तुमच्या डचांनी आम्हाला अर्धंच सांगितलं. पाणी काढलं की जमीन बसते, हे सांगितलंच नाही." मी म्हणायचो, करार नीट वाचायचा होता तुमच्या इंग्रजांनी. मेधा म्हणायची, "दोघांचेही पासपोर्ट अजून कोणी मागितलेले नाहीत, वाटाणे सोला."

यातलं मोठं भांडण फुगवट्याचं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून नीट मांडतो.

स्कार्नबीची शीव कालव्याच्या कडेने सरळ जाते, पण एके ठिकाणी ती उगाच बाहेर फुगते, एका घराच्या जागेला वळसा घालते आणि परत सरळ होते. तुमची कथा अशी: कालवा खणायला आलेल्या एका डच मजुराने शिवेच्या पलीकडे झोपडी बांधली. गावाचा रिवाज होता की दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांनी मिळून शीव चालायची, हातात विलोच्या काठ्या घ्यायच्या आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर मारायच्या. नकाशे नव्हते, तेव्हा शीव लक्षात ठेवायची हीच रीत. तर हा मजूर त्या चालणाऱ्यांना पाव आणि बिअर द्यायचा. बिअर घ्यायची म्हणजे झोपडीला वळसा घालून पलीकडे जावं लागायचं. लोक दरवर्षी वळसा घालत गेले. पुढे कधीतरी मोजणीदार आला, त्याने विचारलं शीव कुठून जाते, आणि लोकांनी पाय जिथून जात होते ते दाखवलं. झोपडी आत आली. माणूस गावचा झाला.

"नकाशा पायांच्या मागून येतो, सुहासराव."

"पुरावा?"

"फुगवटा आहे की."

"नाना, फुगवटा आहे हा फुगवट्याचा पुरावा झाला. बिअरचा नाही. कागद कुठाय?"

"तुमच्या ऑफिसात सगळ्याचा कागद असतो का?"

"ईमेल असतं."

यावर तुम्ही मान हलवायचात, जशी वैद्य रोग्याकडे बघून हलवतो तशी.

त्याच चालण्यात तुम्हाला उलटं केलं होतं. हा प्रसंग तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलात की तो मलाच घडल्यासारखा वाटायचा. काल घडलाच. रिवाज असा, की गावात जो सगळ्यांत नवा असेल त्याला शिवेच्या दगडापाशी पाय धरून उलटं करायचं आणि डोकं तीनदा हलकेच जमिनीला टेकवायचं, म्हणजे जन्मभर जागा विसरत नाही. एरवी ते लहान पोरांना करत. त्या वर्षी सगळ्यांत नवे तुम्ही होतात. चाळिशीचे, स्वेटर, टाय, खिशात आवळासुपारीची डबी. डबी उघडून सगळी सुपारी गवतात सांडली, आणि तुम्हाला उलटं धरणारा टेड नावाचा माणूस तुम्हाला सरळ करण्याआधी ती वेचत बसला.

"त्या दिवशी मी गावचा झालो," तुम्ही म्हणायचात. "नागरिकत्वाचं पत्र नंतर आलं. ते नुसतं पोस्टाने आलं."

मागच्या हिवाळ्यात तुम्ही जाहीर केलंत की आता आपल्या वस्तीची शीव चालायची. तुमच्या हाती तोवर वस्तीचा तक्ता तयार होता. जुन्या पॅरिशच्या नोंदवहीसारखे चार रकाने: घर, राहणारा, जागेचं नाव, काय पिकतं. शेजारच्या विमच्या पुढे तुम्ही लिहिलं होतंत, "घेवडा, गूजबेरी, तक्रारी." आमच्या पुढे, फरशा घातलेल्या मागच्या अंगणाबद्दल, सातबाऱ्यावर नापीक जमिनीला लिहितात तो एकच शब्द: "पोटखराबा." मी ते मनाला लावून घेतलं नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

"शीव कुठून जाते ते तेवढं काढून द्या," तुम्ही म्हणालात. मी गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, साइटवरून वस्तीच्या नकाशाची पीडीएफ उतरवली आणि तुम्हाला पाठवून दिली. न उघडता. अटॅचमेंट न उघडता पुढे ढकलणं हे माझं ऑफिसातलं मुख्य कौशल्य आहे, वीस वर्षं त्यावर पगार घेतोय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "सुहासराव, यात आपण कुठे आहोत?"

मी फोनवरून वर न बघता म्हणालो, "असू कुठेतरी. झूम करा."

तुम्ही "बरं" म्हणालात.

मग सुरू झाले माझे रविवार. एका रविवारी पाऊस. एका रविवारी वारा. एका रविवारी मी म्हणालो, "नाना, परवानगी लागेल, काठ्या घेऊन घोळका फिरणार म्हटल्यावर गेमेंटेला कळवावं लागेल." खरं कारण तुम्हाला माहीत होतं. लोक काय म्हणतील, हे. पुणं सोडलं, पण ते सामान मी बरोबर घेऊन आलोय, आणि त्याला विमानात वजनाची मर्यादा नाही.

चौथ्या का पाचव्या रविवारी तुम्ही टेबलाशी बसून हसत म्हणालात, "तुम्हाला अजून कोणी उलटं केलेलं नाही ना, म्हणून हे. घर तुमच्या नावावर, पण वागता भाडेकरूसारखे. सतरा वर्षं बघून घेताय, घरमालक काही बोलत नाही ना."

ते खरं होतं, म्हणून लागलं. आणि मी म्हणालो—

हे वाक्य मी मेधालाही सांगितलेलं नाही. ती तेव्हा वर होती. मी म्हणालो, "नाना, तुम्हाला उलटं केलं ना त्यांनी? गावचे झालात ना? मग दोन वर्षांत तिथलं एक तरी माणूस तुम्हाला इथे भेटायला आलंय का?"

तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि टोक काढायला लागलात. टोक आधीच होतं.

त्यानंतर अकरा दिवस आपण नेहमीसारखे बोललो. वर्तमानपत्र, वाटाणे, हाउसआर्ट्सकडची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडची वेळ, ईराची परीक्षा. माफी मागायला अकरा दिवस भरपूर होतात, नाना. मला कमी पडले. बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही उठला नाहीत.

तुमच्या पत्त्यांच्या वहीत स्कार्नबीचं एकच ईमेल होतं, जोन म्हणून. मी चार ओळी लिहिल्या. उत्तर तासाभरात आलं. जोन तिथल्या पॅरिशचं दप्तर सांभाळते, टेडची बहीण. तिने आधी तुमच्याबद्दल लिहिलं होतं, ते मेधाने वाचलं आणि ती वर निघून गेली. शेवटचा परिच्छेद माझ्यासाठी होता. त्याचा अर्थ असा: आमची मे महिन्याच्या बोटीची तिकिटं काढलेली आहेत. आम्ही कधीपासून भेटायला येतो म्हणत होतो, पण तोच आम्हाला थांबवत होता. म्हणे, नुसता चहा प्यायला एवढा समुद्र ओलांडून काय येता, मे महिन्यात आमच्या वस्तीची शीव चालायची आहे, तेव्हा या. माझा जावई पुढे असेल, असं तो म्हणायचा. तर आता काय करायचं, ते तुम्ही सांगा.

मी ते ईमेल ट्रेनमध्ये वाचलं. आल्मेरेला उतरायचं विसरलो. लेलीस्टाडला उतरून परत आलो.

नाना, त्या दिवशी टेबलाशी तुम्हाला हे सगळं माहीत होतं. तिकिटं निघाली होती. एक वाक्य बोलला असतात तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. का बोलला नाहीत? त्यांना अचानक आणून मला चकित करायचं होतं? की मला खाली बघायला लागू नये, म्हणून? दोन्ही तुम्हाला शोभतं. कोणतं, ते आता कळणार नाही, आणि यालाही कागद नाही.

मी जोनला लिहिलं, "या."

मग भीतभीत विमकडे गेलो. मनात परवानगीपासून विम्यापर्यंत सगळी भाषणं तयार होती. विमने कुंपणाची कात्री खाली ठेवली, सगळं ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. "किती वाजता? आणि कॉफी कोण आणणार?" एवढ्यासाठी मी पाच रविवार घालवले होते.

काल सकाळी ईराने कालव्याकाठच्या विलोच्या सहा काठ्या कापून आणल्या. काठ्या कशा सोलायच्या हे तिला माहीत होतं, तुम्ही शिकवलं होतंत म्हणे. जोन आणि टेड आले. टेड आता ऐंशीच्या पुढचा आहे, पण हात फावड्यासारखे. मेधाला बघून जोनने नुसते हात पसरले. मला टेडने हात दिला आणि विचारलं, "तू तोच का, पुरावा मागणारा?"

म्हणजे तुम्ही त्यांनाही सांगितलं होतंत!

मग मी तुमची नळी उघडली. पहिल्यांदाच. वाटलं होतं आत माझीच पीडीएफ छापलेली असेल, आणि होतीही. त्यावर तुमची पेन्सिल होती. छापील रेष मी काल पहिल्यांदा नीट बघितली. ती बसच्या रस्त्याने येते, आणि आमच्या रांगेच्या समोरून, विमच्या आणि आमच्या दारासमोरून निघून जाते. आम्ही त्या वस्तीत नाहीच. सतरा वर्षं ज्या वस्तीच्या शाळेत, दुकानात, कचऱ्याच्या डब्याशी मी जातो, तिच्या रेषेबाहेर माझं घर आहे, आणि तो कागद मीच तुम्हाला पाठवला होता. यात आपण कुठे आहोत, सुहासराव? असू कुठेतरी, झूम करा.

तुम्ही झूम केलं होतंत. तिथे पेन्सिलची रेष छापील रेष सोडून बाहेर निघाली होती, विमच्या घेवड्यामागून, आमच्या पोटखराब्यामागून गोल वळसा घेऊन परत रस्त्याला लागली होती.

जोनने चष्मा वर करून बघितलं. आधी हसली. मग म्हणाली, "टेड, हे बघ. आपला फुगवटा. त्याने तो इथे आणलाय." टेडने बराच वेळ बघितलं आणि बाहीने नाक पुसलं.

आम्ही चाललो, नाना. कालव्याकडून, सायकलच्या पुलाखालून, जमिनीत पुरलेल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी, तुम्ही खूण केलेल्या प्रत्येक ठिकाणी काठी मारत. काठी मारली की ईरा मोठ्याने त्या जागेचं नाव वाचायची, तुम्ही दिलेलं. "वाऱ्याचा कोपरा." "पोचेपर्यंत-दमाल," हे सुपरमार्केटच्या चढाला. कुत्रं फिरवणारी एक बाई काही न विचारता आमच्याबरोबर चालायला लागली. कोणी काही म्हणालं नाही. मी सारखा बघत होतो, कोणी काही म्हणतंय का.

जिथे तुमची रेष छापील रेषेपासून सुटते तिथे जोन थांबली. "इथे दगड हवा. आणि सगळ्यांत नवा कोण?"

विम पहिल्या घरांपासूनचा. ईरा इथेच जन्मलेली. मेधा म्हणाली, "मला त्याच वर्षी केलंय, बाबांच्या पाठोपाठ. मी रडले नव्हते." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, माझी पाठ. मी म्हणालो, मी बावन्न वर्षांचा आहे. तेवढ्यात टेडने एक पाय धरला होता, विमने कंबर, आणि दुसरा पाय कोणी धरला ते मला उलटं झाल्यावर दिसलं. तुमच्या नातीने.

"ईरा, सोड!"

"बाबा, रिलॅक्स! आजोबा सेड थ्री टाइम्स."

एकदा, दोनदा, तीनदा. गवत ओलं होतं. उलटं बघताना आमचं घर आभाळातून खाली लोंबत होतं, आणि तुमच्या खोलीची खिडकी सगळ्यांत जवळ होती. मी त्या खिडकीला म्हणालो, नाना, चुकलो. मोठ्याने म्हणालो की मनात, आठवत नाही. रक्त डोक्यात उतरलं होतं. सरळ झालो तेव्हा टेड गुडघ्यावर बसून माझ्या गोळ्यांची पट्टी आणि किल्ल्या वेचत होता. मला देताना म्हणाला, "तुझ्या सासऱ्याच्या खिशात जास्त चांगला माल होता."

तिथून पुढे आम्ही छापील रेष सोडली. विमच्या वाफ्यांमागून एकामागे एक गेलो, घेवडा सांभाळत. आमच्या मागच्या फाटकापाशी मेधा आधीच पोचली होती, हातात ट्रे, चहा आणि बटाटेवडे. सगळे थांबले, खाल्लं आणि वळसा पुरा केला. पाव-बिअरच्या कथेला अजूनही पुरावा नाही, नाना, मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. पण वडे होते म्हणून सहाजण वाट वाकडी करून माझ्या घरामागून गेले, हे मी स्वतः बघितलं आहे.

पाहुणे आज सकाळच्या बोटीने गेले. मी टेबलावर तुमचा नकाशा पसरला आहे, कोपऱ्यांवर वाट्या ठेवून, तुम्ही ठेवायचात तशा. तुमचा नियम मला माहीत आहे: चालल्याशिवाय शाई नाही. म्हणून सगळं पेन्सिलमध्येच राहिलं होतं, माझ्या रविवारांची वाट बघत. आता चालून झालंय. तुमचा टाक घेतला, शाईत बुडवला, कालव्यापासून सुरुवात केली.

रस्त्यापर्यंत हात बरा चालला. घरामागे आल्यावर हलला. तुम्ही ट्रेसर, तुम्ही मला त्या कामावर एक दिवस ठेवलं नसतंत. शाईची रेष तुमच्या पेन्सिलवरून सरकली आणि थोडी आणखी बाहेर गेली, पार घरामागच्या पाण्यापर्यंत. जिथे तुमचं लाकडी बाकडं आहे, ज्यावर तुम्ही संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचात. तुमच्या रेषेत तुम्ही ते बाहेर ठेवलं होतंत.

खोडलं नाही. आता तेही आत आहे.